मनातली अढी आणि देणगीची पावती: शैक्षणिक कर्ज, शिष्यवृत्ती आणि माजी विद्यार्थी

अमेरिकेतल्या कॉलेजांचे पदवीदान समारंभ साधारण मे महिन्यात होतात. केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्जाला पदवीनंतर सहा महिन्यांची मुदत मिळते, त्यामुळे पहिला हप्ता नोव्हेंबर-डिसेंबरात पडतो. कॉलेजांच्या वार्षिक देणगी मोहिमेचा जोरही नेमका याच दिवसांत असतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी देणगीचा खास दिवस, आणि मग ३१ डिसेंबरच्या आत दिलंत तर याच वर्षी करसवलत मिळेल अशी पत्रं. नुकतीच पदवी घेतलेल्या मुलीच्या इनबॉक्समध्ये एकाच आठवड्यात दोन मेल पडतात. एकात हप्ता भरा, दुसऱ्यात देणगी द्या. पाठवणारे वेगळे असतात, पण तिच्या लेखी दोन्ही मागण्या कॉलेजच्याच नावावर जमा होतात.

माजी विद्यार्थी देणगी का देत नाहीत यावर देणगी विभागांत खूप डोकं लढवलं जातं. पत्राचा मजकूर बदलतात, पाकिटाचा रंग बदलतात, फोन करणाऱ्या विद्यार्थ्यांना नव्याने शिकवतात. माझ्या मते यातली बरीच मेहनत चुकीच्या टोकाला चालते. देणगीचा निर्णय बऱ्याच अंशी प्रवेशाच्या वेळी हातात पडलेल्या मदतपत्रात, म्हणजे किती शिष्यवृत्ती आणि किती कर्ज मिळेल हे सांगणाऱ्या पत्रात, आणि पुढच्या चार वर्षांत कॉलेजने ते पत्र कसं पाळलं यात ठरून गेलेला असतो.

आधी हप्त्याचा आकडा समोर ठेवू. पालकांवर अवलंबून असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला सरकारकडून पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रत्येकी ७,५०० डॉलरपर्यंत कर्ज मिळतं. चार वर्षांचे मिळून २७,०००. सरासरी साडेपाच टक्के व्याज आणि नेहमीची दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे २९३ डॉलर येतो आणि दहा वर्षांत व्याजापोटी आठ हजारांहून थोडे जास्त जातात. नव्या पदवीधराकडे कॉलेज बहुधा वर्षाला २५ डॉलर मागतं. २९३ डॉलर दरमहा भरणाऱ्याला वर्षातून एकदा २५ डॉलर अगदीच परवडत नाहीत असं सहसा नसतं. तरी तो देत नाही. म्हणजे कारण फक्त खिशात नाही.

जोनाथन मीर आणि हार्वी रोझेन या अर्थशास्त्रज्ञांनी एका संशोधन विद्यापीठाच्या देणग्यांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये हेच दाखवलं. विद्यापीठाचं नाव त्यांनी गुप्त ठेवलं आहे. बाकी सगळं सारखं असताना कर्ज घेतलेले विद्यार्थी पुढे देणगी देण्याची शक्यता कमी, आणि मोठं कर्ज घेतलेल्यांनी दिलीच तर रक्कमही लहान. हप्त्यांमुळे ऐपत घटली म्हणून हे घडतं, हे स्पष्टीकरण त्यांना पटण्यासारखं वाटलं नाही. त्यांचा अंदाज असा की कर्जाचा बोजा डोक्यावर टाकला याचा राग मनात राहतो. आपल्या भाषेत, मनात अढी बसते.

जेसी रॉथस्टीन आणि सिसिलिया राऊस यांच्या २०११ च्या अभ्यासातून मात्र दुसरी बाजू दिसते. अत्यंत निवडक प्रवेश देणाऱ्या एका विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला मदतीतलं कर्ज काढून त्याजागी अनुदान द्यायला सुरुवात केली. त्या बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांची तुलना त्यांनी केली. कर्ज असलेले पदवीधर जास्त पगाराच्या नोकऱ्यांकडे वळले, कमी पगाराच्या समाजोपयोगी कामाकडे जाण्याचं प्रमाण घटलं. देणग्यांबाबत त्यांना मिळालेले पुरावे तितके ठाम नव्हते, पण दिशा स्पष्ट होती: पदवीनंतरच्या वर्षांत देणगी कमी, आणि शेवटच्या वर्षात दिलेला देणगीचा शब्द नंतर न पाळण्याचं प्रमाण जास्त. त्यांच्या मते हे कर्जाच्या तिटकाऱ्यापेक्षा हातात रोख नसण्याशी जास्त जुळतं.

दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडतात असं मला वाटत नाही. पहिल्या चार-पाच वर्षांत खिसा बोलतो. पुढे पगार वाढतो, हप्ता तेवढाच राहतो, आणि मग जे उरतं ती अढी. कॉलेजं पहिल्या काळात अधीर होतात आणि दुसऱ्या काळात गाफील राहतात, त्यामुळे दोन्हीकडे नुकसान होतं.

अढी बसते कुठे, ते पाहायचं तर मदतपत्र उघडावं लागतं. समजा वर्षाचा एकूण खर्च ६०,००० डॉलर आहे. पत्रात ओळी अशा असतात: कॉलेजची शिष्यवृत्ती २८,०००, सरकारी अनुदान ५,०००, विद्यार्थी कर्ज ५,५००, पालकांचं कर्ज १६,५००, कॅम्पसवरचं काम २,५००. खाली ठळक अक्षरांत बेरीज: तुम्हाला मिळालेली मदत ५७,५००. कुटुंबाला वाटतं, फक्त अडीच हजारांची सोय करायची आहे. खरी मदत पहिल्या दोन ओळींची, म्हणजे ३३,०००. उरलेले २७,००० घरातून किंवा भविष्यातल्या पगारातून जाणार. कॅम्पसवरच्या कामाचे २,५०० तर फी भरताना हातात नसतातच, ते वर्षभर तासांच्या मजुरीतून थोडेथोडे येतात, त्यामुळे ऑगस्टच्या बिलाला त्यांचा काही उपयोग नाही. पालकांच्या कर्जाचं व्याज विद्यार्थी कर्जापेक्षा जास्त, आणि सुरुवातीलाच चार टक्क्यांहून अधिक शुल्क कापून घेतात. अमेरिकी संसदेसाठी लेखातपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने २०२२ मध्ये अशी पत्रं तपासली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के कॉलेजं खरा निव्वळ खर्च सांगतच नव्हती किंवा कमी करून सांगत होती.

अठराव्या वर्षी हे पत्र वाचून आनंदाने उड्या मारणारा मुलगा बाविसाव्या वर्षी त्याच पत्राची बेरीज पुन्हा करतो. त्यानंतर तुम्ही पाठवलेल्या कोणत्याही पत्रावर त्याचा विश्वास बसणं कठीण. म्हणून माजी विद्यार्थ्यांची आपुलकी हवी असेल तर पहिलं काम देणगी विभागाचं नाहीच. मदतपत्रात अनुदान आणि कर्ज यांच्या दोन वेगळ्या बेरजा छापा. कर्जाला कर्ज म्हणा, व्याजदर आणि अंदाजे मासिक हप्ता त्याच ओळीत लिहा. पालकांचं कर्ज मदतीच्या बेरजेत धरूच नका. असं छापलं तर काही मुलं प्रवेश घेणार नाहीत, ही भीती प्रवेश विभाग बोलून दाखवतो आणि ती खरी आहे. पण फसगत झाल्याच्या भावनेने आलेला विद्यार्थी पुढची चाळीस वर्षं तुमच्याविषयी काय बोलतो, तोही हिशेब धरायला हवा.

कर्जाच्या बिलावर नाव कोणाचं, यालाही फार महत्त्व आहे. पर्किन्स नावाची एक कर्ज योजना होती, ३० सप्टेंबर २०१७ ला ती संपली. व्याज पाच टक्के, पदवीनंतर नऊ महिन्यांची मुदत, म्हणजे अटी बऱ्याच सौम्य. पण त्यात कर्ज देणारं आणि वसूल करणारं खुद्द कॉलेजच असायचं. हप्त्याचं बिल आणि देणगीचं आवाहन एकाच बोधचिन्हाखाली यायचं. आता सरकारी कर्जाची वसुली वेगळ्या सेवा कंपन्या करतात, पण कॉलेजचं नाव थकबाकीवर अजूनही येतंच: वसतिगृहाचं राहिलेलं भाडं, ग्रंथालयाचा दंड, अर्ध्यात सोडलेल्या सत्राची फी. काहीशे डॉलरच्या अशा बाकीसाठी अनेक कॉलेजं गुणपत्रक अडवून ठेवायची. गुणपत्रक नाही म्हणून दुसरीकडे प्रवेश नाही, नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून बाकी फिटत नाही. कॅलिफोर्नियाने २०२० पासून कायद्याने हे बंद केलं, २०२२ मध्ये न्यूयॉर्कनेही केलं. जिथे अजून मोकळीक आहे तिथे निदान देणगीच्या यादीतून तरी असे लोक वगळा. कागद अडवून ठेवलेल्या माणसाला वर्गणीचं पत्र जाणं म्हणजे जखमेवर मीठ.

सगळंच कर्ज नातं तोडतं असं मात्र नाही. उद्योगपती आणि न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सरकारी नॅशनल डिफेन्स कर्ज आणि कॅम्पसवरची नोकरी यांवर शिकले. ते कर्ज म्हणजे पर्किन्सचाच पूर्वावतार. १९६४ मध्ये पदवी घेतल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी कॉलेजला ५ डॉलर दिले, तेवढेच परवडत होते असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. २०१८ मध्ये त्याच विद्यापीठाला त्यांनी मदतीतलं कर्ज काढून टाकण्यासाठी १८० कोटी डॉलर दिले. त्या काळी फी कमी होती, कर्ज तीन टक्क्यांनी मिळायचं आणि काही वर्षांत संपायचं. कर्ज पेलण्याजोगं असेल आणि त्यातून जे मिळालं ते त्याहून मोठं वाटलं, तर अढी बसायचं कारण राहत नाही. मोठ्या देणगीदारांच्या अशा गोष्टी कॉलेजं हौसेने सांगतात, फक्त त्यातला व्याजदर सांगायला विसरतात.

आता शिष्यवृत्ती. सर्वसाधारण समज असा की ज्याला फुकट शिकवलं तो पुढे भरभरून देईल. मीर आणि रोझेन यांच्या आकडेवारीत शिष्यवृत्तीमुळे देणगी देण्याची शक्यता फारशी हलली नाही, आणि दिलेली रक्कम उलट लहान निघाली. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पदवीधरांवरच्या आधीच्या एका अभ्यासात गरजेवर आधारित शिष्यवृत्तीने देण्याची शक्यता वाढलेली दिसली होती आणि गरजेवर आधारित कर्जाने घटलेली. कर्जाबाबत दोघांचं एकमत, शिष्यवृत्तीबाबत नाही. रक्कम लहान असण्याचं एक साधं कारण असं असू शकतं: गरजू घरातून आलेल्याला वारसाहक्काने काही मिळत नाही, उलट पहिल्या पगारापासून घरी पैसे पाठवावे लागतात. त्यामुळे त्याच्या ५० डॉलरची तुलना श्रीमंत घरातल्या वर्गमित्राच्या ५०० शी करणं मुळातच गैर आहे.

पण शिष्यवृत्तीबाबत उत्तरं वेगवेगळी येतात याचं मोठं कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, शिष्यवृत्ती या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मोडतात. एकीत कोणीतरी पैसे दिलेले असतात, निधी असतो, त्या निधीचं नाव असतं. दुसरी म्हणजे छापील फीवर दिलेली सूट. अमेरिकेतली खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना छापील फीच्या सरासरी निम्म्याहून अधिक सूट देतात, हे कॉलेजांच्या वित्त अधिकाऱ्यांच्या नॅक्युबो या संघटनेच्या दरवर्षीच्या पाहणीत दिसतं. या सुटीच्या बहुतेक भागामागे कोणताही निधी नसतो. ५०,००० ची फी छापायची आणि जवळपास प्रत्येकाला २५,००० ची ‘अध्यक्षीय गुणवत्ता शिष्यवृत्ती’ द्यायची. विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात कळतं की वसतिगृहात आपल्या मजल्यावरच्या सगळ्यांना ती मिळाली आहे. मग ती किंमत ठरते. किंमत कमी केल्याबद्दल दुकानदाराचे आभार मानत कोणी आयुष्य काढत नाही.

सूट देऊ नका असं मी म्हणत नाही, कित्येक कॉलेजांना त्याशिवाय वर्ग भरता येणार नाहीत. पण तिला सूट म्हणा. आणि खऱ्या निधीतून आलेली प्रत्येक शिष्यवृत्ती, मग ती ८०० डॉलरची का असेना, वेगळ्या ओळीत, निधीच्या नावासह, तो कोणी कशासाठी उभा केला हे दोन वाक्यांत सांगून द्या. व्यवहारात होतं असं की मदत कार्यालय आधी एकरकमी २८,००० मंजूर करतं आणि मग वर्षअखेरीस हिशेब जुळवताना त्यातले ३,००० कोणत्या तरी जुन्या निधीतून टाकतं. विद्यार्थ्याला त्याचा पत्ताच नसतो. देणगीदाराला आभारपत्र जातं, ते मदत कार्यालयातल्या कारकुनाने लिहिलेलं. दोन माणसांना जोडू शकणारा पैसा असा नुसत्या जमाखर्चाच्या नोंदीत विरून जातो. ही एक गोष्ट सुधारायला नवा डॉलरही लागत नाही: निधींचं वाटप वर्षअखेरीला न करता सत्र सुरू होण्याआधी करायचं आणि विद्यार्थ्याला त्याच महिन्यात कळवायचं.

देऊन काढून घेतलेली शिष्यवृत्ती तर न दिलेल्यापेक्षा वाईट. याचे तीन प्रकार नेहमी आढळतात. पहिला गुणांच्या अटीचा. ४ पैकी ३.० ची सरासरी राखायची अट असते आणि पहिल्या वर्षी विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या कठीण विषयांत ती २.९६ वर येते. शिष्यवृत्ती गेली, पण तोवर वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलणं शक्य नसतं, मग कर्ज. उपाय सोपा आहे: एक सत्र मुदत द्या, सरासरी वर्षाऐवजी दोन वर्षांवर मोजा, आणि प्रवेशाच्या वेळीच सांगा की आधीच्या तुकड्यांतल्या किती टक्के मुलांची शिष्यवृत्ती चारही वर्षं टिकली. दुसरा प्रकार बाहेरच्या शिष्यवृत्तीचा. मुलाने गावातल्या संस्थेकडून २,००० मिळवले की कॉलेज आपल्या अनुदानातून तेवढेच वजा करतं. मुलाच्या मेहनतीचा फायदा कॉलेजला, आणि गावातल्या देणगीदाराचे पैसेही खरं तर कॉलेजलाच. मेरीलँडने २०१७ मध्ये सार्वजनिक कॉलेजांना यावर बंधन घातलं, असं करणारं ते पहिलं राज्य. वजा करायचंच असेल तर आधी कर्जाच्या ओळीतून करा, मग कामाच्या, आणि अनुदानाला शेवटी हात लावा.

तिसरा प्रकार सगळ्यात कमी बोलला जातो. शिष्यवृत्तीची रक्कम चार वर्षं तीच राहते आणि फी वाढत जाते. पहिल्या वर्षी फी ४५,०००, शिष्यवृत्ती २०,०००, फरक २५,०००. फी दरवर्षी चार टक्क्यांनी वाढली तर चौथ्या वर्षी ती ५०,६१९ होते आणि फरक ३०,६१९. चार वर्षांत मिळून ११,००० डॉलरहून जास्त वाढीव बोजा, आणि तो नेमका अशा वेळी येतो जेव्हा मागे फिरता येत नाही. शिष्यवृत्ती रकमेऐवजी फीच्या टक्केवारीत बांधली की हा प्रश्न मिटतो. कॉलेजला ते महाग पडतं हे खरं, मग पहिल्या वर्षाची रक्कम थोडी कमी ठेवा, पण चारही वर्षांची खात्री द्या.

शब्द मोडला की काय होतं याचं मोठं उदाहरण न्यूयॉर्कच्या कूपर युनियनचं. १८५९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत दीर्घकाळ प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला पूर्ण फीमाफी होती. पैशांची अडचण झाली म्हणून २०१४ पासून निम्मी फी लावली. विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी कोर्टात गेले. २०१५ मध्ये तडजोड झाली आणि पूर्ण फीमाफीकडे परतण्याची योजना आखावी लागली. २०२४ मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची फी पुन्हा माफ झाली. ज्यांना स्वतःला एक पैसाही परत मिळणार नव्हता ते लोक पुढच्या तुकड्यांसाठी भांडले. निष्ठा इमारतीवर नव्हती, त्या अटीवर होती. केंटकीच्या बेरिया कॉलेजात १८९२ पासून फी नाही आणि प्रत्येक विद्यार्थी कॉलेजात काम करतो. तिथेही नातं त्या कराराशीच आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. माजी विद्यार्थी कार्यालयाची पहिली कल्पना असते मदत कार्यालयाकडून कर्जदारांची यादी मागवायची. ते करू नका. फाफ्सा या सरकारी मदतीच्या अर्जातून आलेली माहिती मदत ठरवणं, देणं आणि तिचा कारभार चालवणं एवढ्यासाठीच वापरता येते, आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ च्या फर्पा कायद्याचंही संरक्षण आहे. त्याऐवजी पदवीच्या वेळी विद्यार्थ्यालाच विचारा. दोनच प्रश्न, ऐच्छिक: शिक्षणाचं कर्ज फेडायचं आहे का, आणि देणगीबद्दल आम्ही कधी विचारावं: एका वर्षाने, तीन वर्षांनी, पाच वर्षांनी की कधीच नाही. ज्याने पाच वर्षं सांगितली त्याला खरोखर पाच वर्षं विचारू नका. इथे चूक हमखास होते ती अशी की वार्षिक मोहीम बघणाऱ्या विभागाला ही नोंद दिसते, पण क्रीडा विभाग, ग्रंथालय आणि एखाद्या शाखेचा स्वतंत्र निधी आपापल्या याद्यांवरून पत्रं पाठवतात. नोंद मुख्य डेटाबेसमध्ये हवी आणि प्रत्येक यादी तिथूनच निघायला हवी.

पहिल्या वर्षात मागायचं काही नाही, द्यायचं बरंच आहे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे कॉलेजचा ईमेल पत्ता निदान दीड वर्ष चालू ठेवणं. कर्ज सेवा कंपनीकडे बहुतेक मुलांचा तोच पत्ता असतो. कॉलेजने उन्हाळ्यात खातं बंद केलं की पहिल्या हप्त्याची सूचना कोणालाच पोचत नाही. ९० दिवस हप्ता थकला की पत नोंदणाऱ्या संस्थांकडे बातमी जाते, २७० दिवसांनी कर्ज बुडीत ठरतं. कितीतरी जणांची पत पैशांअभावी जात नाही, पत्ता बदलल्यामुळे जाते. सप्टेंबरात एक मेल पाठवा: तुमची सेवा कंपनी कोणती हे सरकारी संकेतस्थळावर असं पाहा, पत्ता आणि फोन आजच बदला, पगार कमी असेल तर उत्पन्नावर आधारित हप्त्याचा अर्ज आत्ताच करा, सरकारी किंवा ना-नफा संस्थेत असाल तर लोकसेवा कर्जमाफीसाठी (१२० हप्त्यांनंतर उरलेलं कर्ज माफ) मालकाचं प्रमाणपत्र दरवर्षी भरा. त्या मेलच्या तळाशी देणगीचं बटण टाकण्याचा मोह होतो. टाकू नका, त्या एका बटणाने सगळ्या मेलचा हेतू संशयास्पद होतो.

काही विधी महाविद्यालयं याच्याही पुढे जाऊन कमी पगाराची समाजोपयोगी नोकरी धरणाऱ्या पदवीधरांचे हप्ते भरायला मदत करतात. सगळ्यांना ते शक्य नाही. पण माजी विद्यार्थ्यांकडून निधी गोळा करायचा असेल तर असा निधी, आपल्याच वयाच्या कर्जदारांसाठीचा, तरुण पदवीधरांना चटकन पटतो.

शेवटच्या वर्षातली वर्ग-देणगी, म्हणजे बाहेर पडणाऱ्या तुकडीने मिळून कॉलेजला दिलेली देणगी, हा नाजूक प्रकार. विद्यार्थ्यांकडून पुढच्या चार-पाच वर्षांच्या देणगीचा शब्द लिहून घेण्याची पद्धत बंद करावी असं माझं स्पष्ट मत आहे. हप्ता सुरू झाल्यावर तो शब्द मोडतो, आणि मोडलेल्या शब्दाची लाज वाटून माणूस पुढची पत्रंही उघडत नाही. न देणाऱ्यांची यादी मित्रांकडे देऊन दबाव आणणं तर त्याहून वाईट. मागायचंच असेल तर एकदाचे ५ किंवा १० डॉलर मागा, कारणही त्यांच्या ओळखीचं असू द्या: पुस्तकांचा खर्च, घरी अचानक जावं लागलं तर प्रवास, हिवाळी सुटीत वसतिगृहात राहणाऱ्यांचं जेवण. महिन्याला ५ डॉलरची कायमची सूचना कार्डावर लावली तर ती सहसा टिकते. तुटते ती कार्डाची मुदत संपल्यावर, तेव्हा मुदतीच्या महिनाभर आधी एक आठवण पाठवायची.

शिष्यवृत्तीचा निधी उभा करताना तरुण माजी विद्यार्थी ‘कायम निधी’ या शब्दाने दबून जातात. गणित असं आहे: मूळ रक्कम राखून ठेवलेल्या या कायम निधीतून वर्षाला चार ते पाच टक्के खर्चायला मिळतात, तेही साधारण तीन वर्षांच्या सरासरी मूल्यावर. वर्षाला ३,००० डॉलरची शिष्यवृत्ती हवी तर चार टक्क्यांनी ७५,००० जमवावे लागतात. पाच मित्रांनी महिन्याला ५० डॉलर दिले तर तेच ३,००० याच वर्षी एका मुलीच्या हातात पडतात, आणि तेवढ्याने तिचं पहिल्या वर्षाचं कर्ज ५,५०० वरून २,५०० वर येतं. चालू खर्चाचा निधी आधी, कायम निधी नंतर, चाळिशीत. कॉलेजला मात्र सांगून ठेवा की ही रक्कम कर्जाची जागा घेईल, आधीच्या अनुदानाची नाही. हे वाक्य करारात नसेल तर पैसे त्याच जमाखर्चात विरतात.

करारातल्या अटींबद्दल एक सूचना. अमुक गावची, अमुक विषय घेणारी, अमुक खेळ खेळणारी अशा तीन अटी एकत्र घातल्या की काही वर्षांनी पात्र विद्यार्थीच सापडत नाही आणि पैसा पडून राहतो. ‘फक्त’ ऐवजी ‘प्राधान्य’ लिहा आणि पात्र कोणी नसेल तर कॉलेजने कोणाला द्यावं हेही लिहा. विशिष्ट व्यक्तीसाठी म्हणून दिलेल्या रकमेवर करसवलत मिळत नाही, निवड समितीकडेच हवी.

शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याने देणगीदाराला पत्र लिहिण्याची प्रथा चांगली आहे, ती राबवण्याची पद्धत अनेक ठिकाणी वाईट आहे. घरची गरिबी सविस्तर लिहा असं सुचवणारा नमुना विद्यार्थ्याला दिला जातो. त्याला भीक मागितल्यासारखं वाटतं आणि ती बोच पदवीनंतरही जात नाही. नाव कळवायला त्याची लेखी संमती घ्या, आणि पत्रात काय शिकतो आहे, या सत्रात काय केलं, एवढंच पुरे म्हणा. शक्य असेल तर देणगीदारानेही उत्तर द्यावं. मोठ्या समारंभातल्या हस्तांदोलनापेक्षा दोन ओळींच्या उत्तराने जास्त काम होतं, कारण पैशांमागे माणूस आहे हे विद्यार्थ्याला तिथे कळतं.

२०१९ मध्ये अब्जाधीश गुंतवणूकदार रॉबर्ट स्मिथ यांनी मोरहाऊस कॉलेजच्या पदवीदानाच्या व्यासपीठावरून त्या वर्षीच्या साऱ्या पदवीधरांचं शैक्षणिक कर्ज फेडण्याची घोषणा केली. सुमारे चारशे विद्यार्थी, ३ कोटी ४० लाख डॉलर, त्यात पालकांनी घेतलेली कर्जंही आली. प्रिन्स्टनने २००१ मध्ये मदतीतून कर्ज काढलं, विल्यम्स कॉलेजने २०२२ मध्ये कर्जाबरोबर कामाची अटही काढली. अशा तुकड्यांकडून लगेच देणग्यांचा पूर येईल अशी अपेक्षा धरणारी मंडळी निराश होतील. मोठ्या देणग्या सहसा पदवीला पंचवीस वर्षं झाल्यावरच्या स्नेहमेळाव्याच्या आसपास आणि त्यानंतर येतात.

तोवर मोजायचं काय? आजवर सगळे सहभागाचा दर मोजत आले: दात्यांची संख्या भागिले पत्ता माहीत असलेले माजी विद्यार्थी. तो फुगवणं सोपं आहे, नकोशी नावं ‘पत्ता हरवला’ म्हणून काढली की भाजक लहान होतो. यूएस न्यूज या प्रकाशनाच्या कॉलेजांच्या क्रमवारीत या दराला गुण होते म्हणून हे उद्योग चालत. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या क्रमवारीतून तो निकष गेला. आता पहिली देणगी देणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढच्या वर्षी पुन्हा दिली, तो आकडा धरा. तो कर्ज असलेले आणि नसलेले असा वेगळा काढा, अर्थात ज्यांनी स्वतःहून सांगितलं त्यांच्यापुरता. कर्जदारांमध्ये दुसरी देणगी येण्याचं प्रमाण तीन-चार वर्षं सलग वाढत असेल तर मदतपत्रातले बदल लागू पडत आहेत. पहिली देणगी वाढली आणि दुसरी नाही, तर फोन करणाऱ्यांनी दबाव टाकला आहे, आणि पुढचं वर्षभर फोन बंद ठेवणं बरं.